शब्दचर्चा: धोका, जोखीम, आपत्ती आणि दरड

विचारणा
पावसाळ्याआधी गावागावांत वाटायच्या एका पत्रकाचं काम हाती आहे. सरकारी कागदांत धोका, जोखीम, संकट, आपत्ती हे शब्द कुठेही कसेही येतात. यांत खरंच फरक आहे का? आणि 'दरड कोसळणे' व 'भूस्खलन' एकच ना? भूशास्त्रातल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद (भूशास्त्राचा शिक्षक)
फरक आहे, ताई, आणि पत्रकात तो जपाच.

धोका जमिनीचा असतो. सह्याद्रीच्या उतारांवर बेसाल्टच्या कातळावर कुजलेल्या खडकाचा, मुरमाचा आणि मातीचा थर असतो. सलग काही दिवस पाऊस झाला की पाणी या थरात मुरतं, खालच्या घट्ट कातळापाशी अडतं, कणांमधला पाण्याचा दाब वाढतो आणि थराची कातळावरची पकड सुटते. तिथे माणूस राहत असो वा नसो, डोंगर हे करणारच. हा धोका.

त्याच उताराखाली वाडी असेल, शाळा असेल, गोठे असतील, तर ती जोखीम. या शब्दाचा जुना अर्थ इथे फार उपयोगी पडतो. अंगावर दागिने किंवा जवळ मोठी रक्कम असली की जुनी माणसं म्हणत, "बरोबर जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको." म्हणजे जोखीम हे त्या ऐवजाचंच नाव होतं. गमावण्यासारखं काही असल्याशिवाय जोखीम नाही, आणि शास्त्रालाही नेमकं हेच म्हणायचं आहे. धोका प्रत्यक्षात उतरला आणि ती जोखीम बुडाली, की आपत्ती. 'संकट' हा बोलण्यातला शब्द आहे, तो बोलण्यात राहू द्या.

हा भेद पुस्तकी नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप शेजारी ठेवून पाहा. दोन्ही पहाटेचे, माणसं झोपेत असतानाचे. परिमाणात, म्हणजे सुटलेल्या ऊर्जेच्या मापात, कोयनेचा भूकंप किल्लारीच्या ६.२ पेक्षा कमी नव्हता. कोयनेत सुमारे २०० माणसं गेली, किल्लारी परिसरात ८ ते १० हजार. किल्लारीचा भूकंप उथळ होता आणि आसपास दाट वस्तीची गावं होती, हे खरं. पण मोठं कारण घरांत होतं. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं ते घर हादऱ्यात टिकलं नाही. माणसं घरांखाली गेली. शिवाय तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे बांधकामाचा विचार त्या अंगाने कुणी केलाच नव्हता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला.

म्हणून 'नैसर्गिक आपत्ती' हा जोडशब्द मला खटकतो. भूकंप नैसर्गिक, अतिवृष्टी नैसर्गिक. आपत्तीत आपलाही वाटा असतो, आणि तेवढाच वाटा आपल्याला कमी करता येतो.

प्रतिसाद (कोकणातून)
सर, आमच्या वाडीचं नाव एका यादीत 'दरडग्रस्त' म्हणून आलं. लोक चिडले. दरड तर कधी पडलीच नाही!

प्रतिसाद (भूशास्त्राचा शिक्षक)
चिडणं रास्त आहे. पडून गेली ते गाव दरडग्रस्त, पडू शकते ते दरडप्रवण. 'प्रवण' म्हणजे मुळात उतरता, कललेला. डोंगरउताराच्या गावाला याहून नेमका शब्द नाही. पण यादीतून नाव काढायचा आग्रह मात्र धरू नका, 'ग्रस्त' बदलून 'प्रवण' करून घ्या. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. एसटीच्या चालकाला रस्त्यावरून गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी.

आता दरड. दरड म्हणजे तुटका चढ, कडा. घाटात कड्यावरून दगड रस्त्यावर येतात, ती दरड कोसळली. माळीणमध्ये कडा कोसळला नव्हता. पाण्याने भिजलेली माती, दगड, झाडं यांचा लोंढा उतारावरून वाहत आला. भूस्खलन या शब्दात दोन्ही मावतात. पत्रकात मात्र मी 'दरड' हाच शब्द ठेवीन, कारण लोक तोच ओळखतात. फक्त 'दरड म्हणजे नुसते दगड नव्हेत, चिखलाचा लोंढाही' एवढं वाक्य घाला. कड्यापासून लांब घर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना ते कळलंच पाहिजे.

जाता जाता, बातम्यांतलं 'भूकंपाची तीव्रता ६.२ रिश्टर' हेही सुधारायला हवं. ६.२ हे परिमाण, भूकंपातून सुटलेल्या ऊर्जेचं माप. एका भूकंपाला ते एकच. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला हादरा आणि झालेली पडझड, ती गावोगाव वेगळी. परिमाण एकाने वाढलं तर ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हेही सहसा कुणी सांगत नाही.

विचारणाऱ्या ताई
मग असं लिहू का: 'उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर जोखीम वाढली आहे असे समजून घर सोडा'?

प्रतिसाद (भूशास्त्राचा शिक्षक)
तिथे 'धोका वाढला आहे' लिहा. डोंगर हलायला लागल्याची ती खूण आहे. घर सोडल्यावर कमी होते ती जोखीम. आणि 'घर सोडा'च्या पुढे कुठे जायचं त्या जागेचं नाव प्रत्येक गावाच्या पत्रकात वेगळं छापा. ती जागा ओढ्याच्या तोंडाशी किंवा त्याच उताराच्या पायथ्याशी नाही ना, हे पावसाआधी कुणीतरी जाणकाराने प्रत्यक्ष पाहून यावं.