घरात टीव्ही एकच: काय पाहायचे हे आपण कसे ठरवता?

कोथरूडकर_गृहिणी:
नमस्कार. आमच्या घरी टीव्ही एकच आणि पाहणारी माणसे चार. सासूबाई संध्याकाळी सातला देवापुढे दिवा लावून हॉलमध्ये बसल्या की दहापर्यंत एकामागून एक मालिका चालू राहतात. सातवीतली मुलगी तेवढा वेळ आतल्या खोलीत मोबाइलवर काहीतरी पाहत असते, आणि आम्ही दोघे कामावरून आलो की जेवणाचे ताट हातात घेऊन जे लागलेले असेल ते अर्धवट पाहतो. मालिकांचे मला वावडे नाही. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली मालिका माझी आजही सर्वांत आवडती आहे. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या ही मंडळी एका घरात राहून एकमेकांचे ऐकून घेत, आणि त्यात कोणी कोणाविरुद्ध कट रचत नसे. चौघांनी मिळून पाहावे आणि कधीतरी संपावे असे काही मला हवे आहे. आपल्या घरी काय पाहायचे हे कसे ठरते, आणि आपण कोणती मालिका सुचवाल?

सदाशिवपेठी:
ताई, पुण्यात टीव्ही दिसू लागला तो १९७३ मध्ये, मुंबईचे कार्यक्रम इकडे पोहोचवणाऱ्या सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे. मुंबई केंद्र त्याच्या आदल्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. वाहिनी एकच असल्यामुळे भांडण नव्हते हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय पाहायचे हे आधी ठरलेले असे. ‘साप्ताहिकी’मध्ये येत्या आठवड्याचे कार्यक्रम सांगत, तेव्हा आमची आई कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहून ठेवी: ‘गजरा’ अमुक वारी, नाटक तमुक वारी. ‘चिमणराव’ लागायच्या आधी स्वयंपाकघर आवरलेले असे आणि कार्यक्रम संपला की संच बंद करून त्यावर भरतकामाचे आच्छादन पडे. आमच्या घरी ही पद्धत आजही आहे. रविवारी सकाळी चहाच्या वेळी आम्ही आठवड्याचे ठरवतो, आणि जे ठरले नाही त्यासाठी टीव्ही लावत नाही. नातवंडे सुरुवातीला कुरकुरली, पण त्यांच्याही आवडीचे एक तरी काही यादीत येते म्हटल्यावर रुळली.

संकलक_पुणे:
मी या व्यवसायात संकलनाचे काम करतो, म्हणून मालिका संपत का नाहीत याबद्दल थोडे लिहितो. दैनंदिन मालिकेचा सेट उभारणे, कलाकारांच्या तारखा घेणे आणि प्रेक्षकांना त्या वेळेची सवय लावणे यांवर सुरुवातीलाच मोठा खर्च होतो. कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात हे मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात, आणि ते चांगले असेपर्यंत चालती मालिका बंद करून नवी सुरू करण्याची जोखीम कोणीही घेत नाही. मग कथा संपली तरी वेळ भरावी लागते, आणि एकाच धक्क्यावर सहा जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले जातात. यात लेखकांचा दोष फार थोडा असतो. त्यामुळे पूर्ण झालेली, भागांची संख्या आधीच ठरवून केलेली मालिका निवडावी, असे माझे ठाम मत आहे. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांची आहे. मुलगी सातवीत आहे म्हणजे तिला मराठ्यांचा इतिहास अभ्यासाला असेलच; त्यातले नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज आणि ओम पुरी यांचा औरंगजेब तिला अवश्य दाखवा. सुरुवातीला ऋग्वेदातले नासदीय सूक्त येते, ते सासूबाईंनाही आवडेल. पहिले काही भाग संथ आहेत, तेवढा धीर धरावा लागेल.

शनिवारवाडा_७०:
वरील दोन्ही उत्तरे पटली, परंतु एक गोष्ट आजीच्या बाजूने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मी स्वतः त्याच वयाची आहे. दिवसभर घरात बोलायला कोणी नसते, आणि मालिकेतली माणसे रोज ठरल्या वेळी येतात. माझी बहीण साताऱ्याला असते. रात्री दहानंतर तिचा फोन येतो आणि नायिकेने पत्र फाडले ते बरे केले की वाईट, यावर आम्ही तावातावाने बोलतो. ते बोलणे मला मालिकेहून प्रिय आहे. तेव्हा तीनही तास काढून घेऊ नका. आदल्या रात्रीचे भाग बहुतेक वाहिन्यांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. सासूबाईंना विचारा की त्यांतली कोणती मालिका दुपारी पाहिली तर चालेल, आणि कोणती रात्रीच हवी. माझ्या सुनेने असे विचारले तेव्हा साडेआठची मालिका मी आपण होऊन दुपारवर टाकली. आपल्याकडेही तेवढा अर्धा तास मोकळा झाला तर ‘टिपरे’पासूनच सुरुवात करा, कारण आजी आणि नात दोघींनाही आबा लगेच आवडतील.