मदत हवी आहे: टेकडीवरील गिरिपुष्पाची विरळणी आणि श्रमदान

नमस्कार. पुण्यातील एका टेकडीवर दर रविवारी सकाळी श्रमदान करणारा आमचा वीस-पंचवीस जणांचा गट आहे. आजवर आम्ही आळी करणे, रोपांना पाणी घालणे आणि कचरा वेचणे एवढेच करीत आलो. मात्र टेकडीचा मोठा भाग मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प या झाडाने, म्हणजेच उंदीरमारीने, व्यापलेला असून त्याखाली मेडशिंग, सालई, मोई या स्थानिक झाडांची रोपे फारशी दिसत नाहीत, त्यामुळे वनविभागाच्या लेखी परवानगीने थोड्या भागात विरळणी करावी, म्हणजे काही झाडे तोडून दाटी कमी करावी, असा विचार पुढे आला आहे.

छाटलेल्या बुंध्याला जोमाने धुमारे फुटतात. हे काम ज्यांनी केले आहे, त्यांनी कृपया सांगावे, की फुटवे वर्षातून किती वेळा काढावे लागतात आणि सावली गेल्यावर मुरमाड उताराची धूप होऊ नये म्हणून स्थानिक गवताचे बी विरळणीच्या आधी पेरावे की नंतर? (टेकडीवर सर्वत्र झाडेच हवीत, हा आग्रह मला पटत नाही, गवताळ मोकळी जागाही तिथल्या पक्ष्यांना लागते.) शिवाय उन्हाळ्यातील वणव्यांपूर्वी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून किंवा जाळून मोकळा केलेला पट्टा) काढताना मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना कोणते काम द्यावे?