समुद्रावरून परतणारा रडार सिग्नल: कोणतं मॉडेल घेऊ? बजेट 45 हजार

लाटवेडी
नमस्कार मंडळी. एम.टेक.चा प्रकल्प आहे. मुंबई हायच्या आसपासचे तेलाचे तवंग सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या व्हीव्ही प्रतिमांत (लहरी उभ्या ध्रुवणात पाठवून उभ्याच टिपलेल्या) काळे दिसतात. तवंगाच्या जागी सिग्नल किती डेसिबलने पडायला हवा ते आधी मॉडेलमधून काढायचं आणि मग प्रतिमेशी ताडून बघायचं, असं डोक्यात आहे. सीमॉड5.एन (वाऱ्यावरून सिग्नल सांगणारं, मोजमापांवरून बसवलेलं सूत्र), टू-स्केल (मोठ्या लाटांवर बसलेल्या छोट्या लाटा असं समुद्राचं मॉडेल) की पूर्ण न्यूमेरिकल? लॅपटॉपसकट बजेट 45 हजार, त्यापुढे जमणार नाही. सबमिशन मार्चमध्ये.

दर्याकिनारी
डोळे झाकून सीमॉड5.एन घ्या. वाऱ्याचा वेग, दिशा आणि आपतन कोन (रडारचा किरण उभ्या रेषेशी करतो तो) दिला की सिग्मा-नॉट, म्हणजे परतणाऱ्या सिग्नलची ताकद, हातात. गुणांक प्रसिद्ध झालेले आहेत, कोड जेमतेम पानभर होतो. माझा अख्खा प्रबंध स्कॅटसॅट-1 या इस्रोच्या उपग्रहाने मोजलेल्या वाऱ्यांवर झालाय, असल्या सूत्रांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

कोअर_बत्तीस
45 हजारांत काहीही होत नाही. 24 जीबीचं ग्राफिक्स कार्ड घ्या आणि मेथड ऑफ मोमेंट्स ही न्यूमेरिकल पद्धत चालवा. मी गेल्या दिवाळीत मशीन बांधून घेतलं, आता अडतच नाही. अंदाजाची सूत्रं कशाला, थेट मॅक्सवेलची समीकरणं सोडवा.

भरतीओहोटी
@दर्याकिनारी, स्कॅटसॅटचा रडार केयू-बँड या वारंवारता-पट्ट्यात होता, 13.5 गिगाहर्ट्झ. सेंटिनेल-1 सी-बँड आहे, 5.405. दोन्हींची सूत्रं वेगळी. शिवाय केयू-बँडला पाऊस फार नडतो.

दर्याकिनारी
तेवढं मलाही ठाऊक आहे. म्हणून तर केयूचं सूत्र न सांगता सीमॉड सांगितलं. पाऊस सी-बँडलाही सोडत नाही, थेंबांनी पृष्ठभाग खडबडीत होतोच की.

मीठमोरी
ताई, लॅपटॉप जुना घेणार असाल तर दुकानातच उघडून बघा. मला 16 जीबी म्हणून दिला, घरी येऊन पाहते तर 8. दुकानदार आता फोनही उचलत नाही.

खारेवारे
@कोअर_बत्तीस, हिशोब करून बघा. सी-बँडची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटर. जाळी तिच्या दहाव्या भागाइतकी धरली तर 10 मीटर बाय 10 मीटर पाण्यालाच तेहतीस लाख बिंदू लागतात. अरबी समुद्रातल्या पावसाळी स्वेलची (दूरवरून येणाऱ्या लाटांची) लांबी शंभर मीटरच्या पुढे जाते. म्हणजे एक अख्खी लाटसुद्धा तुमच्या जाळीत मावणार नाही.

लाटवेडी, तुमच्या कामाचा गाभा ब्रॅग स्कॅटरिंग आहे, म्हणजे ठरावीक लांबीच्या लाटांवरूनच सिग्नल जोराने परततो. ती लांबी म्हणजे रडारची तरंगलांबी भागिले दोन साइन थीटा, थीटा म्हणजे आपतन कोन. 35 अंशाला उत्तर येतं 4.8 सेंटिमीटर. बोटभर लांबीच्या या लाटाच सिग्नल परत पाठवतात आणि तेलाचा थर नेमका त्यांनाच मारतो. म्हणून तवंग काळा. पण वारा 2-3 मीटर प्रति सेकंदाच्या खाली गेला की स्वच्छ पाणीही काळंच दिसतं, आणि 10-12 च्या वर लाटा तवंग फोडून मिसळून टाकतात. तेव्हा जून ते सप्टेंबर सोडा, थंडीतल्या प्रतिमा घ्या.

दुसरं म्हणजे सेंटिनेल-1 च्या आयडब्ल्यू या रुंद पट्टा टिपणाऱ्या मोडची नॉइज मर्यादा उणे 22 डेसिबलच्या आसपास आहे. दाट तवंगाचा सिग्नल त्याखाली गेला तर तुम्ही तेल नाही, यंत्राचा गोंगाट मोजत असता. हे आधी तपासा.

मार्च जवळ आहे. स्वच्छ पाण्यासाठी सीमॉड वापरा आणि तवंगाच्या सिग्नलचं स्वच्छ पाण्याशी फक्त गुणोत्तर काढा. टू-स्केलच्या नादी आत्ता लागू नका.

दर्याकिनारी
हेच तर मी पहिल्या प्रतिसादात सांगितलं होतं. सीमॉड.

मुंबईकर_जुना
2010 च्या ऑगस्टमध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया या बोटी एकमेकींवर धडकल्या तेव्हा किनाऱ्यावर डांबरासारखं तेल आलं होतं. तवंग ऋतू बघून येत नाहीत. पावसाळा सोडा म्हणणं पटत नाही.

खारेवारे
अपघात कधीही होतो, मान्य. पण मॉडेल पारखायचं तर दोन्ही पृष्ठभाग नीट दिसतील असे दिवस हवेत. त्या ऑगस्टमध्ये सेंटिनेल-1 होताच कुठे, पहिला उपग्रह 2014 चा.

कोअर_बत्तीस
निदान 12 जीबीचं कार्ड तरी घ्या. पुढे उपयोगी पडेल.

लाटवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: टू-स्केलच करते. खारेवारे दादा, रागावू नका. सीमॉडमध्ये सगळ्या लाटांचा परिणाम एकाच आकड्यात येतो. त्यात तेल घालायला जागाच नाही. मला एल्फुहेलीच्या 1997 च्या स्पेक्ट्रमचं (कोणत्या लांबीच्या लाटा किती जोराच्या ते सांगणाऱ्या सूत्राचं) छोट्या लाटांचं टोक दाबून बघायचंय, आणि मोठ्या लाटांच्या उतारामुळे त्या छोट्या लाटांचा कोन बदलला की उत्तर किती हलतं तेही. गुणोत्तरातून तवंग किती काळा ते कळेल, का काळा ते नाही. सीमॉड स्वच्छ पाण्याच्या तपासणीला ठेवते. वारा ईआरए5 या हवामानाच्या डेटासंचातून घेईन, नॉइजची अट आणि थंडीतल्या प्रतिमा दोन्ही मान्य. लॅपटॉप घेतच नाही. मोठ्या लाटांच्या उतारांवरची बेरीज आहे त्या मशीनवर होते.

खारेवारे
रागवायचं काय त्यात. फक्त बेरजेत स्थानिक आपतन कोन घ्यायला विसरू नका, आणि छोट्या-मोठ्या लाटांमधली सीमा सरकवून बघा. उत्तर फार हललं तर ती सीमा चुकीच्या जागी आहे. एचएचच्या (आडव्या ध्रुवणाच्या प्रतिमांच्या) मोहात पडू नका, तिथे फुटणाऱ्या लाटांचा वाटा मोठा असतो आणि तो टू-स्केलमध्ये येत नाही.

मीठमोरी
कोड झाला की इथे टाका ताई. माझ्या 8 जीबीवर चालेल का?