लिटल आँतांतचा नकाशा: वेढा पूर्ण दिसतो, तो खरा होता का?

दापोली: शाळेच्या भिंतीसाठी १९१९ ते १९३९ च्या युरोपीय करारांचा नकाशा करते आहे. फ्रान्स, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया लाल रेघांनी जोडले की जर्मनीला वेढा पडलेला दिसतो. मग १९३८ ला चेकोस्लोव्हाकिया एकटा कसा पडला? कुठे चुकतंय?

मालवण: ताई, एकच रंग, तिथेच घोळ आहे. प्रत्येक रेघेवर ‘कोणाविरुद्ध’ ते लिहा. लिटल आँतांत म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया या तिघांचा संघ. चेक–युगोस्लाव्ह करार १४ ऑगस्ट १९२० चा, चेक–रुमानिया २३ एप्रिल १९२१, रुमानिया–युगोस्लाव्हिया ७ जून १९२१. मदतीला धावायचं ते हंगेरीने हल्ला केला तरच. तिसऱ्या करारात बल्गेरियाही आहे. जर्मनी कुठेच नाही! आणि हंगेरीचं सैन्य ट्रियानॉनच्या तहाने (पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेला तह) ३५,००० वर आणलेलं. खरी धास्ती हाब्सबुर्ग, म्हणजे जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजघराण्याचा राजा परतण्याची होती. त्या घराण्याचा शेवटचा राजा कार्ल याने १९२१ मध्येच मार्चला आणि ऑक्टोबरला, दोनदा प्रयत्न केला, दोन्ही फसले. त्या कामापुरता हा संघ पक्का होता.

रुमानिया–पोलंड करार (मार्च १९२१) तर सोव्हिएत हल्ल्यासाठी. त्याला तिसरा रंग.

वेंगुर्ला: फ्रान्सच्या रेघाही सारख्या जाडीच्या नकोत. रुमानिया (१९२६) आणि युगोस्लाव्हिया (१९२७) यांच्याशी मैत्री आणि सल्लामसलत एवढंच ठरलं होतं, त्या बारीक काढा. लोकार्नोचे करार (१९२५, जर्मनीच्या सरहद्दींबद्दलचे) मुलांना आपल्या भाषेत सांगा: जर्मनीच्या पश्चिम हद्दीला चिऱ्याचा गडगा, ब्रिटन आणि इटली जामीन, पूर्वेला नुसती वई. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाशी जर्मनीने फक्त लवादाचे करार केले. त्यांना हमी दिली ती एकट्या फ्रान्सने.

दापोली: आणि सोव्हिएत रशिया? १९३५ चा करार होता ना?

मालवण: होता, पण रेघ तुटक काढा. फ्रान्सशी २ मे, चेकोस्लोव्हाकियाशी १६ मे १९३५. दुसऱ्यात अट अशी की आधी फ्रान्स मदतीला उतरला तरच सोव्हिएत मदत. म्युनिकला (१९३८, चेक सीमाभाग जर्मनीला द्यायचा करार) फ्रान्सनेच अंग काढलं, मग पुढचं कलम लागूच होईना. शिवाय सोव्हिएत आणि चेक हद्द एकमेकांना भिडत नव्हती. लाल सैन्य जाणार पोलंड किंवा रुमानियातून, आणि पोलंड वाट द्यायला तयार नव्हता.

वेंगुर्ला: पोलंड–चेक रेघ मात्र पुसून टाका, तसा करारच नव्हता. तिथे टेशेन या दोघांच्या वादातल्या सीमाभागाचा ठिपका द्या: १९२० ला वाटणी, ऑक्टोबर १९३८ ला चेक भाग पोलंडने घेतला.