शब्दचर्चा : 'रेखीव', 'प्रमाणबद्ध' की 'ठेवण'? आणि 'दात पुढे' म्हणजे नक्की काय?

प्रश्न : दातांना तारा बसवण्याआधी पालकांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. 'फेशियल प्रपोर्शन्स' आलं की 'प्रमाणबद्ध चेहरा' लिहून जाते, पण मनाला पटत नाही. 'रेखीव' चालेल का? शिवाय आत 'दात पुढे आले आहेत' असं वाक्य आहे, ते तसंच ठेवू का?

उत्तर : मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे नीट बसवणारा दंतवैद्य. 'रेखीव' नको. भुवया रेखीव, नाक रेखीव, जिवणीही रेखीव, आणि तरी चेहरा एकसंध वाटत नाही, असं होतं. आम्ही बघतो ते एका अवयवाचं दुसऱ्याशी नातं. त्याला शब्द आहेच : ठेवण. दातांची ठेवण म्हणतो, तशीच चेहऱ्याची ठेवण.

आम्ही चेहऱ्याचे आडवे तीन भाग धरतो : केसांच्या रेषेपासून भुवयांच्या मध्यापर्यंत, तिथून नाकाच्या बुडापर्यंत, तिथून हनुवटीच्या टोकापर्यंत. तिन्ही साधारण सारखे असावेत. खालच्या भागात वरच्या ओठाचा वाटा एक, तर खालचा ओठ आणि हनुवटी मिळून दोन. गंमत बघा, 'नाकीडोळी नीटस' हे आपलं कौतुक वरच्या दोन भागांतच संपतं. आमचं जवळजवळ सगळं काम तिसऱ्यात.

आता 'दात पुढे'. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते, म्हणते, "दात पुढे आलेत, आत घ्या." मी मुलीला बाजूने बसवतो आणि खालचा जबडा हळूच पुढे सरकवायला सांगतो. ओठ मिटतात, हनुवटी दिसू लागते, आणि आई गप्प होऊन बघत राहते. दात जागेवरच होते, जबडा मागे होता. अशा वेळी उपदाढा (सुळ्यांच्या मागचे दात) काढून त्या जागेत वरचे पटाशीचे दात मागे ओढले, तर ओठ आत बसतो आणि नाक मोठं दिसू लागतं. वाढीचं वय असेल तर खालचा जबडा पुढे धरणारं ट्विन ब्लॉकसारखं उपकरण आधी विचारात घ्यावं लागतं. दात खरोखरच पुढे असलेली मुलंही असतात, तिथे उपदाढा काढणं योग्यच ठरतं. तक्रारीचे शब्द मात्र दोन्हीकडे तेच.

दुसरं उत्तर : 'प्रमाणबद्ध'बद्दल तुमची शंका रास्त आहे. 'प्रमाण' म्हणजे गुणोत्तर, तसंच मानकही : प्रमाणभाषा म्हणतो त्या अर्थाने. त्यामुळे 'प्रमाणबद्ध चेहरा' वाचताना कुठल्यातरी आदर्श चेहऱ्याशी जुळणारा, असं मनात येतं. या शास्त्रानेही ती वाट धरली होती. १८९९ साली दातांच्या चाव्याचं, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात याचं, वर्गीकरण मांडणारे अमेरिकेचे एडवर्ड अँगल अपोलो बेल्व्हेडेअर या पुतळ्याचा चेहरा आदर्श मानत. सगळे दात राखून चावा नीट बसवला की चेहरा आपोआप साधतो, असं त्यांचं मत. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या रुग्णांचे पुढे आलेले ओठ पाहून ते पटेना, आणि ते उपदाढा काढून उपचार करू लागले. १.६१८ या सुवर्ण गुणोत्तराचाही बराच बोलबाला झाला, पण देखण्या मानलेल्या चेहऱ्यांत ते हमखास सापडत नाही.

पहिले उत्तरदाते पुन्हा : यात 'तोंडवळा'ही घ्या. कुणावर गेलाय, हे त्या शब्दात असतं. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत सरळ रेषा धरायची आणि ओठ तिच्या किंचित मागे हवेत, हा अमेरिकेचे ऑर्थोडॉन्टिस्ट रिकेट्स यांचा मापदंड गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरचा. आपल्याकडे भरलेले ओठ घराघरात असतात. मुलीचा तोंडवळा आजीचा असेल, तर त्या रेषेसाठी तिचे दात मागे ओढणं मला मान्य नाही. म्हणून मी आईवडिलांचे चेहरेही बघतो.

प्रश्नकर्ती : मग शीर्षकात 'चेहऱ्याची ठेवण' घेते. आणि आत 'दात पुढे आले आहेत' होतं, तिथे असं करते : 'खालचा जबडा मागे असला, तरीही दात पुढे आल्यासारखे दिसतात.'