पॉइंट रेजचा किनारा: जानेवारीत आई-बाबांना न्यावे का?

प्रश्न:
माझे आई-बाबा गुहागरहून आमच्याकडे फ्रीमाँटला आले आहेत. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील पॉइंट रेजला नेऊन एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य सागरी प्राणी) आणि राखी देवमासे दाखवावेत, असा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात. बाबांचा जन्म समुद्रकाठी गेल्यामुळे ते पाय भिजवल्याशिवाय परतणार नाहीत, हे आताच दिसते आहे. तेथील लाटांची भीती खरोखर किती बाळगावी, हे कृपया सांगावे.

उत्तर 1:
आपण वेळ उत्तम निवडली आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात एलिफंट सीलच्या माद्या किनाऱ्यावर येऊन पिल्लांना जन्म देतात. ड्रेक्स बीचवर ते वाहनतळाच्या इतक्या जवळ येतात की आईंना फारसे चालावे लागणार नाही. दोन हजार किलोहून अधिक वजनाचा नर मान उंचावून ओरडतो, तेव्हा रिकाम्या पिंपात बुलेट सुरू केल्यासारखा आवाज येतो. तेलासाठी झालेल्या शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात जवळजवळ संपली होती. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ उरलेल्या मोजक्या प्राण्यांपासून ती पुन्हा वाढली. त्यांच्यापासून किमान 50 यार्ड दूर राहावे. आळशी दिसणारा हा प्राणी वाळूवर अनपेक्षित वेगाने सरकतो.

देवमासे अलास्काकडून मेक्सिकोकडे जात असतात व जानेवारीच्या मध्यास त्यांची वर्दळ सर्वाधिक असते. ते पाहण्यासाठी पॉइंट रेजच्या दीपगृहाकडे जावे; ते 1870 चे असून तेथे उतरण्यासाठी 313 पायऱ्या आहेत. मात्र देवमाशांचे फवारे पायऱ्यांच्या वरच्या टोकावरूनही दिसतात, तेव्हा आईंनी तेथेच थांबावे. दुर्बीण आणि कानटोपी विसरू नये.

उत्तर 2:
लाटांविषयी मी अधिक स्पष्ट लिहितो, कारण माझे वडीलही कोकणातलेच आहेत आणि त्यांना हे पटवताना माझी पुरेवाट झाली होती. आपल्याकडे समुद्र पावसाळ्यात खवळतो, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू निवळतो आणि थंडीत बहुधा शांत असतो; येथे नेमके उलटे आहे. उत्तर पॅसिफिकमधील हिवाळी वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर उघड्या समुद्रातून येऊन पोहोचतात, त्यामुळे डोक्यावर निरभ्र आकाश आणि वारा पडलेला असतानाही पाणी धोकादायक असू शकते. ग्रेट बीच या सुमारे 17 किलोमीटर लांबीच्या, थेट पश्चिमेकडे तोंड असलेल्या पुळणीला उतार तीव्र आहे. दहा-पंधरा मिनिटे साध्या लाटा येतात आणि मग एखादी लाट कोरड्या वाळूपर्यंत चढून माणसाचे पाय उचलते. पाणी 10 ते 13 अंशांच्या आसपास असल्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर गारठतात. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नयेत, आणि काठावरच्या ओंडक्यांवर तर मुळीच बसू नये, कारण लाटेने तो ओंडका गडगडतो.

पाय भिजवायचेच असतील, तर टोमॅलेस खाडीतल्या हार्ट्स डिझायर बीचवर न्यावे. ती जागा आडोशाची आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सकाळी दीपगृह, दुपारी ड्रेक्स बीच आणि परतीच्या वाटेवर खाडी, असे ठरवले आहे. ओंडक्याचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला, तर ते म्हणाले, "ओल्या ओंडक्यावर बसतो कोण?"