एकच लॉकर परवडतो: पुढे की मागे?

गोदाकाठ
जुनी जिप्सी आहे, पुढे-मागे सलग एक्सल, चारी बाजूंना पाटे. गेल्या जुलैत पेठच्या बाजूला एका ओढ्यात तिरकी अडकली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक गरागरा फिरतंय, उरलेली दोन गपगार. फोर लो (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारा गिअर) टाकूनही जागची हलेना. शेवटी शेजारच्या मळ्यातले काका ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी अडकवता अडकवता म्हणाले, "याला डिफलॉक नाय का?" तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय: डिफ, म्हणजे एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, तो बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर. दोन्हीकडे बसवायची ऐपत नाही. माझा कल पुढे. पुढची चाकं काठावर चढली की मागची येतातच की. बोला.

निफाडचा_बागाईतदार
मागे. यात विचारायचं काय? चढाला लागलं की वजन मागच्या एक्सलवर येतं, पुढची चाकं हलकी होतात. हलक्या चाकांना लॉक करून काय मिळणार? काकांच्या ट्रॅक्टरचं पेडलसुद्धा मागच्याच डिफचं. बागेत ओळीच्या टोकाला वळताना त्यावरचा पाय काढायला विसरलास तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ वेलींत. आता तेच पुढच्या चाकांना होऊ दे, मग बघ स्टिअरिंग काय म्हणतं.

लो_रेंज_त्र्यंबक
ट्रॅक्टर इथे आणू नका. त्याचं वजन मुळात मागे, जिप्सीचं इंजिन पुढे. आणि मागच्या लॉकरचं सगळे गुणगानच करतात, आडव्या उताराचं कोणी बोलत नाही. पावसाळ्यात एका बाजूला कललेल्या शेवाळी वाटेवर मागचं लॉक लावून जा. उघड्या डिफमध्ये एक चाक फिरतं, पण दुसरं गाडीची शेपूट धरून ठेवतं. लॉक केलं की दोन्ही एकदम सुटतात आणि शेपूट खालच्या अंगाला. माझी गेली आहे, करवंदीच्या जाळीत. पुढचं लॉक असेल तर निदान नाक तरी हवं तिकडे ओढत नेता येतं.

अंबड_गॅरेज
नाक ओढतं, कबूल. पण सरळ असताना. उघड्या डिफमध्ये दोन्ही चाकांच्या शाफ्टना सारखाच जोर मिळतो. लॉक केल्यावर ज्या चाकाला पकड आहे त्या एका शाफ्टवर सगळा येऊ शकतो. त्यात दगडाला टेकलेलं चाक, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं आणि वर ॲक्सिलरेटर! वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणाऱ्या जॉइंटचा पिंजरा फुटतो, गोळे बाहेर. असाच एक बाकावर पडलाय, पेपरवेट म्हणून वापरतो. थार इथेच नाशकात बनते, तिलाही लॉक मागेच.

लो_रेंज_त्र्यंबक
कंपनी मागे देते कारण तिथे वळणाची भानगड नाही, गिऱ्हाईक काही मोडून आणत नाही. फोर्स कंपनीने त्यांच्या गुरखा गाडीला दोन्हीकडे दिलेत, ते काय शोभेला?

अंबड_गॅरेज
दोन्हीकडे असेल तर वादच नाही. आधी मागचं लावायचं, नाहीच निघाली तर चाकं सरळ करून पुढचं. प्रश्न एकाचा आहे. तुझं आडव्या उताराचं खरं आहे, पण त्यावर उपाय म्हणजे तिथे लॉक सोडायचं. बटणाचा लॉकर घ्यायचा तो त्याचसाठी. आपोआप लागणारा या जिप्सीत नको, हलक्या गाडीला ओल्या डांबरावरही झटके देतो.

गोदाकाठ
काठ चढताना पुढची चाकं हलकी होतात हे डोक्यातच आलं नव्हतं. ठीक, मागे. हवेच्या दाबावर लागणारा घेतला तर कॉम्प्रेसर बॉनेटखाली मावेल का?

निफाडचा_बागाईतदार
मावेल, बॅटरीजवळ जागा काढावी लागेल. पण एक सांग, त्या ओढ्यात उतरण्याआधी पकड वाढावी म्हणून टायरची हवा कमी केली होतीस? १८ पीएसआयपर्यंत वगैरे?

गोदाकाठ
नव्हती. रस्त्यावरचीच होती. हसू नका.